खराटा उतरला त्या मंगळवारी

मी फाटकावरचा खराटा बोलतोय. मंगळवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी वीबकेनं मला कडीवरून खाली काढलं, आणि बारा वाजायच्या आत गावानं तिच्या सासूबाईंना, म्हणजे आमच्या गेरलिंडेबाईंना, मारून टाकलं. बाई तेव्हा स्वयंपाकघरात बसून गरम बटाटे सोलत होत्या.

यात माझा काही दोष नाही. पण सुरुवात माझ्यापासून झाली, म्हणून मीच सांगितलेलं बरं. दुसऱ्या कुणी सांगितलं तर त्यात आणखी दोन माणसं मरतील.

माझा जन्म जानेवारीतला. झाडात रस नसतो तेव्हा बर्चच्या बारीक फांद्या कापतात, म्हणजे खराटा लवकर झडत नाही. मला ऑटमारनं बांधलं. गावात खराटे तोच बांधतो. द्राक्षाच्या वेली ज्या ओल्या काडीनं बांधतात, त्याच काडीनं त्यानं मला तीन ठिकाणी करकचून आवळलं, खालून दांडा ठोकला, दोनदा झटकून पाहिलं आणि म्हणाला, "झाडता येईल." माझं बारसं ते एवढंच. मी मात्र खूश झालो. ज्याच्या हातून घडलो, त्याची बोली मला जन्मापासून कळते.

जर्मनीत नेकार नदीच्या काठी, उतारावर द्राक्षं आणि पायथ्याशी बटाटे असं आमचं गाव आहे. इथल्या द्राक्षवाल्याला आपल्या राहत्या घरात आपलीच वाइन आणि साधंसुधं जेवण विकायला वर्षातले थोडेच आठवडे परवानगी असते. खुर्च्या चाळीस, त्याहून एक जास्त चालत नाही. घर उघडं असेल त्या दिवसांत फाटकावर खराटा टांगायचा. खराटा दिसला की येणाऱ्यानं विचारायचं नाही, थेट आत यायचं आणि बाकावर सरकून बसायचं. एकदा बसलं की सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात, मग तो दगडफोड्या असो की न्यायाधीश. लोक म्हणतात, "चल, खराट्याला जाऊ." अंगण झाडणाऱ्यांत एवढा मान आणखी कुणाला मिळत असेल असं मला वाटत नाही.

पण हे गावाला कळतं, पाहुण्यांना कळत नाही. ऑक्टोबरात गाड्या भरभरून येतात. पाहुणे बरोबर माझ्याखाली उभे राहतात आणि हातातल्या फोनला विचारतात, इथं जेवायला कुठं जावं? फोन त्यांना वीस कोस लांबचं काहीतरी दाखवतो. एका गृहस्थानं तर समोरच्या हेडविगबाईंना गाठलं. "बाई, कुणालाच माहीत नसलेली एखादी खास जागा सांगा ना."

"कुणालाच माहीत नसेल तर मला कशी माहीत असणार?" हेडविग म्हणाली आणि पायरी धुवायला लागली.

आता घरचं सांगतो. गेरलिंडेबाईंनी एकेचाळीस वर्षं हा खराटा चालवला. म्हणजे माझ्या आधीचे चाळीस आणि एक मी. ह्या एप्रिलमध्ये त्या तळघराच्या पायरीवर पडल्या आणि मांडीचं हाड मोडलं. तेव्हापासून चाकांचा वॉकर घेऊन घरातल्या घरात फिरतात. सप्टेंबरात एके दिवशी त्यांनी सुनेला समोर बसवलं.

"ह्या ऑक्टोबरचे तीन आठवडे तू सांभाळ. गावचे लोक परत परत आले तर पुढचं पुढं. नाही आले, तर खराटा चुलीत आणि द्राक्षांचा मळा भाड्यानं. माझा टिलमान शहरात कारखान्यात जाईल, तू आणि लेक, दोघीही जा त्याच्याबरोबर."

"खराटा चुलीत" हे मी कोपऱ्यात उभा राहून ऐकलं. कोपऱ्यातल्यासमोर माणसं काहीही बोलतात.

वीबके नुसती मान हलवून उठली. ती उत्तरेकडची, हॅम्बुर्गची. लहानपणी तिनं सात भाड्याची घरं बदलली होती. प्रत्येक वेळी नवी शाळा, नवा जिना, नवी चावी. टिलमानशी लग्न करून ती इथं आली ती ह्या घराचं दार बघून, असं टिलमान चिडवतो, आणि ते फारसं खोटं नाही. आता आठ महिन्यांची येट्टे तिच्या कडेवर होती. त्या संध्याकाळी अंगणात फेऱ्या मारताना ती लेकीच्या कानाशी म्हणाली, "तुला मी एकाच दारातून मोठी करणार आहे. कशी ते मला माहीत नाही, पण करणार आहे."

आधीच ती घोर लावून घेणारी. दिवसातून दहादा हाताची पाठ लावून बघायची. आधी येट्टेच्या कपाळाला, मग सॅलडच्या भांड्याला.

कारण सगळं अडलं होतं बटाट्याच्या सॅलडवर. तिच्या माहेरी ते मेयोनेझ घालून करतात. आमच्या गावात तसं कुणी केलं तर लोक भांडत नाहीत, फक्त पुन्हा त्या घरी जात नाहीत. इथं बटाटे सालासकट उकडायचे, चटका बसत असतानाच सोलायचे, कागदासारखे पातळ कापायचे, आणि त्यावर मांसाचा गरम रस्सा, व्हिनेगर, मोहरी, कांदा. ढवळताना चपचप आवाज आला पाहिजे. सासूबाईंनी तिला खुर्चीत बसून शिकवलं, तेही डोळे मिटून.

"वाजत नाहीये. अजून रस्सा घाल."

"आता?"

"आता कुजबुजतंय. अजून घाल."

खराटा टांगला त्या पहिल्या दिवशी ऑटमार आपले नेहमीचे चार सोबती घेऊन आला, समोरची हेडविगही त्यांत. डुकराचं मांस, आंबट कोबी, सॅलड आणि दांडीच्या पेल्यात पाव पाव लिटर लाल वाइन. वीबके हात पुसत टेबलापाशी उभी राहिली. "कसं झालंय सॅलड?"

ऑटमारनं घास गिळला, विचार केला आणि म्हणाला, "खाता येतं."

"आणि तुम्हाला, हेडविग?"

"वाईट नाहीये."

पोरीच्या तोंडचं पाणी पळालं. आत जाऊन तिनं नवऱ्याला धरलं. "त्यांना आवडलं नाही."

"कोण म्हणालं?"

"खाता येतं म्हणाले."

"मग?" टिलमान म्हणाला आणि पेले घेऊन गेला. तो इथलाच. त्यात समजावून सांगण्यासारखं काही आहे, हेच त्याला कळलं नाही.

माझी कडी फाटकाच्या कमानीत, बरोबर स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर आहे. त्यामुळे मला परत आलेली ताटं दिसायची. ऑटमारच्या टेबलाची ताटं अशी यायची की धुवायची गरजच नाही. पावाच्या तुकड्यानं रश्श्याचा शेवटचा थेंबसुद्धा टिपलेला. पण वीबके ताटं बघत नव्हती, ती शब्द मोजत होती.

शब्द घेऊन आले पाहुणे. ड्युसेलडॉर्फहून एक जोडपं आलं होतं, गळ्यात रुमाल, डोळ्यांत कौतुक. आधी त्यांनी दोघांसाठी खिडकीजवळचं टेबल मागितलं.

"टेबल बारा जणांचं आहे," वीबके म्हणाली. "तुम्ही अकरावे आणि बारावे."

तेही त्यांना अप्रतिम वाटलं. ऑटमारच्या कोपराखाली बसून बाईंनी सॅलडचे सहा फोटो काढले, डोळे मिटून एक घास घेतला आणि म्हणाल्या, "अहाहा, साक्षात मातीची चव." वीबकेनं बटाटे तीन पाण्यांनी धुतले होते. मग त्यांनी अर्धं ताट बाजूला सरकवलं आणि हेच जरा कोरडं मिळेल का, असं विचारलं.

ऑटमारनं त्यांच्याकडे बघितलं आणि त्यांचं उरलेलं आपल्या ताटात ओढून घेतलं.

असे दहा दिवस तीच तऱ्हा. परके कौतुकानं स्वर्गात पोचायचे, गाववाले नुसते जेवायचे. सोमवारी तर कहर झाला. ऑटमारनं एक ताट संपवलं, पुढं सरकवलं, बोटानं खूण केली. दुसरं ताट संपवलं. तोंडातून चकार शब्द नाही. वीबकेला राहवेना.

"ऑटमार, एकदा खरं सांगा. काय कमी पडतंय?"

"विचारतेस कशाला पोरी? खातोय ना मी."

तिनं त्यातलं फक्त "विचारतेस कशाला" ऐकलं. त्याच संध्याकाळी येट्टेचं अंग कोमट लागलं. टिलमान म्हणाला, दात येतायत. तिनं ऐकलं नाही, डॉक्टरला बोलावलं. डॉक्टर सहा वाजता आला, येट्टेच्या हिरडीवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, दात येतायत.

मंगळवारी सकाळी टिलमान ट्रॅक्टर घेऊन उतारावर गेला. येट्टे एकदाची झोपली म्हणून वीबकेनं पुढचे पडदे ओढले. मग ती स्टूल घेऊन फाटकाशी आली आणि मला उतरवलं. हात गार होते तिचे. "लोक नाइलाजानं येतात," ती मला म्हणाली, की स्वतःला, कोण जाणे. "त्यांनी येणं बंद करायच्या आधी आपणच बंद केलेलं बरं." आणि मला बैठकीच्या दारामागं उभं केलं.

आता गावाची बाजू ऐका. ठरलेल्या आठवड्यांत फाटकावरचा खराटा मध्येच उतरत नाही. उतरला तर कारणं दोनच. पिंपं रिकामी झाली, नाही तर घरात कुणी गेलं. पिंपं भरलेली आहेत हे ऑटमारनं सोमवारीच बघितलं होतं.

हेडविगनं खिडकीतून मोकळी कडी बघितली आणि फोन उचलला. काल सहा वाजता डॉक्टरची गाडी होती. आज पडदे ओढलेले. गेल्या आठवड्यात गेरलिंडेला खोकलाही होता. तीन फोनांत गेरलिंडेबाई गेल्या, चौथ्यात त्या शांतपणे गेल्या, आणि पाचव्यात शेवटचे शब्दसुद्धा ठरले. पावणेबाराला फाटक वाजलं. अकराजण आले, काळ्या कपड्यांत. हेडविगच्या हातात वेणी घातलेला गोड पाव होता. तो तिनं अशाच प्रसंगासाठी फ्रीजरमध्ये ठेवून दिलेला असतो.

काळे कपडे बघून वीबके गोंधळली. पण पाच वर्षांत इथल्या सगळ्या रीती तिला कुठं कळल्या होत्या? तिला वाटलं, खराटा बंद झाला की असंच भेटायला येत असतील. तिचे डोळे भरून आले. तसं हेडविगनं तिचे दोन्ही हात धरले.

"कधी झालं गं?"

"दहा वीसला."

"फार त्रास झाला का?"

"मलाच झाला. रात्रभर विचार करत होते, करू की नको."

हेडविगनं हात सोडले.

"टिलमानला माहीत आहे?"

"अजून नाही. म्हटलं, आधी करून टाकावं, मग सांगावं."

हेडविग दोन पावलं मागं सरकली आणि ऑटमारच्या आडोशाला जाऊन बसली. मी दारामागून सगळं बघत होतो. मला तोंड असतं तर मी तिथंच सांगितलं असतं. पण तेव्हा ते नव्हतं, आता तुम्ही ऐकताय म्हणून मिळालंय.

तेवढ्यात ड्युसेलडॉर्फचं जोडपंही आत शिरलं. फाटक उघडं, बाकावर माणसं, टेबलावर गोड पाव. बाईंनी शेजारणीला हळूच विचारलं, "हे जेवणातच धरलंय का?" शेजारीण रडत होती. बाईंनी तिचाही फोटो काढला.

मग ऑटमार उभा राहिला. टोपी हातात, कोटाची बटणं पोटावर ताणलेली.

"गेरलिंडेनं एकेचाळीस वर्षं मला वाढलं," तो म्हणाला. "एकेचाळीस वर्षांत मी तिला एक शब्द बोललो नाही. आज बोलतो. तिच्या हातचं सॅलड चांगलं होतं."

खोलीत गलबला झाला. दोन रुमाल बाहेर आले. इतकं टोकाचं बोललेलं ह्या गावानं फार दिवसांत ऐकलं नव्हतं.

"आणि ही पोर. उत्तरेकडची. मला वाटलं, ही बटाट्याला मलम फासून देणार. काल मी दोन ताटं खाल्ली आणि घरी जाऊन मला झोप येईना. कारण हे सॅलड गेरलिंडेच्यापेक्षा चांगलं आहे. चांगलंच आहे. आता हे गेरलिंडेला कधीतरी सांगावं लागणार, ह्याचा मला घोर लागला होता. ती गेली ते एका परीनं बरं झालं. तिला ऐकावं लागलं नाही."

"ऐकलं," गेरलिंडेबाई म्हणाल्या.

त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. वॉकरच्या पाटीवर सोललेल्या बटाट्यांचं भांडं. मागं रेडिओवर हवामानाच्या बातम्या चालू होत्या. हेडविगनं तोंडात घेतलेला पाव तसाच धरून ठेवला.

"बस खाली, ऑटमार," बाई म्हणाल्या. "तो कोट तुला होत नाही. कोण मेलंय?"

"तू," ऑटमार म्हणाला.

"मला बोलली नाहीस ती," बाई हेडविगकडे वळल्या.

"खराटा खाली होता," हेडविग म्हणाली. "डॉक्टर आला होता. पडदे..."

"येट्टेला दात येतायत. खराटा कुणी उतरवला?"

"मी," वीबके म्हणाली. तिला आत्ता कुठं सगळा उलगडा होत होता, आणि रडावं की लपावं ते कळत नव्हतं. "कुणालाच आवडत नाही म्हणून. सगळे फक्त खाता येतं म्हणतात."

सगळी खोली तिच्याकडे बघायला लागली. ऑटमारचा चेहरा तर खराखुरा पडला. "मग आणखी काय म्हणायचं असतं?" त्यानं विचारलं. तो थट्टा करत नव्हता, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

बाई वॉकर ढकलत सुनेपाशी आल्या. "मी ह्या घरात पहिल्यांदा सॅलड केलं तेव्हा सासऱ्यांनी चमचा खाली ठेवला आणि म्हणाले, भूक भागली. त्या दोन शब्दांवर मी तीस वर्षं काढली. हे लोक चांगलं बोलतात ते फक्त मेलेल्या माणसाबद्दल. तुला ऐकायचं होतं ना? मी मरायच्या आत ऐकलंस, स्वस्तात सुटलीस. आता शब्द ऐकत बसायचं नाही. ताटं बघायची."

मग त्या ऑटमारकडे वळल्या, आणि आवाज जरा बारीक झाला. एकेचाळीस वर्षं साधं काम नाही.

"खरंच माझ्यापेक्षा चांगलं?"

ऑटमारनं टोपी फिरवली. "मेली असतीस तर हो म्हणालो असतो."

बाईंनी बटाट्यांचं भांडं टेबलावर ठेवलं. मग म्हणाल्या, "वीबके, कपाटातला तो कागद आण."

कचेरीत पुढच्या वर्षीच्या तारखा कळवायच्या असतात, तो कागद. खराटा कुणाचा, ते त्यावर लिहावं लागतं. बाईंनी तो पावाच्या शेजारी ठेवला आणि पेन सुनेच्या हातात दिलं.

"नाव तुझं लिही. अक्षर नीट काढ. तिथला माणूस चष्मा घरी विसरतो."

येट्टे जागी होऊन रडायला लागली होती. ऑटमारनं तिला आणून मांडीवर घेतलं, कोटाचं बटण चोखायला दिलं. वीबकेनं नाव लिहिलं. अक्षर काही नीट आलं नाही, पण बाईंनी ते दुसऱ्यांदा लिहायला लावलं नाही.

"आता खराटा टांग," त्या म्हणाल्या. "माणसं बसलीत, भुकेली आहेत. आणि हेडविग, तो पाव ठेव तुझ्याकडं. लागेल कधीतरी."

"अर्धा खाल्ला," हेडविग म्हणाली.

एक वाजून पाच मिनिटांनी मी परत कडीवर होतो. सगळे काळ्या कपड्यांतच जेवले.

आता नोव्हेंबर सरत आलाय. ते तीन आठवडे संपले, आणि मी अंगणातली पानं झाडतोय. काड्या गळायला लागल्यात, कमरेची एक गाठ सैल झालीय. जानेवारीत ऑटमार माझ्या जागी नवा बांधेल. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. माझी तक्रार वेगळीच आहे.

ड्युसेलडॉर्फच्या त्या जोडप्यानं फोनवर, जिथं लोक कुठं जेवावं ते वाचतात, तिथं लिहून टाकलं: मंगळवारी दुपारी गावकरी काळ्या पोशाखात जमतात, एक ज्येष्ठ गृहस्थ भाषण करतात, मग मृत व्यक्ती स्वतः बटाटे घेऊन प्रकट होते. अस्सल अनुभव, चुकवू नये. साडेचार तारे. अर्धा तारा सॅलड ओलं म्हणून कापला.

पुढच्याच मंगळवारी तीन गाड्या भरून काळे कपडे आले. एका बाईनं तर फुलं आणली होती. एकानं गेरलिंडेबाईंना विचारलं, "आजचा कार्यक्रम किती वाजता?"

"असेच बघत राहिलात तर लवकरच," बाई म्हणाल्या.

तेव्हा एवढं करा. आमच्या बाजूला कुणी निघालं असेल, जेवायला कुठं जावं असं विचारत असेल, तर त्याला सांगा. मंगळवारी इथं कुणी मरत नाही. काळे कपडे नकोत, फुलंही नकोत. फोन खिशात ठेवा, मान वर करा, फाटकावर खराटा दिसला तर आत या आणि सरकून बसा. खराटा नसेल तर घरी माणसं झोपलीत, दार वाजवू नका. आणि जेवण आवडलं तर ताट पुसून द्या, पण तोंडानं मात्र फार कौतुक करू नका. हल्ली कुणी सॅलडला चांगलं म्हटलं की वीबके हातातलं टाकून आधी सासूबाई श्वास घेतायत ना, ते बघायला धावते. सांगाल ना एवढं, भेटेल त्याला?